इंजिनाचा दिवा काय सांगतो?

समजा, तुम्ही डिझेल व्हॅनचा फिल्टर बदलून आणला. दुसऱ्या दिवशी गाडी चढणीला ओढेना. इंजिनाचा पिवळा दिवा लागला. आता काय करावे?

हल्लीच्या गाडीत एक लहान संगणक असतो. तो इंजिनावर नजर ठेवतो. काही बिघडले, की दिवा लावतो आणि बिघाडाची खूण नोंदवतो. या खुणेला कोड म्हणतात. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचे सॉकेट असते. तिथे मिस्त्री स्कॅनर लावून कोड वाचतो.

समजा, कोड आला पी००८७. म्हणजे इंजिनाला डिझेल कमी दाबाने मिळते. एवढेच! पंप गेला, असे कोड सांगत नाही. अंग तापले म्हणजे रोग कळला का? तसेच हे.

म्हणून ज्या कामाला हात लागला, ते आधी पाहावे. फिल्टर नीट बसला का? पाइप ढिला आहे का? डिझेलच्या पाइपात हवा धरली का? पुष्कळदा एवढ्यावर भागते. पंपाचा भारी खर्च वाचतो.

मात्र इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपू नका. जोराने उडालेले डिझेल कातडीत घुसते.

कोड आधी वहीत लिहा. दुरुस्ती झाली, की पुसून घ्या. मग गाडी चढणीला चालवा व परत तपासा. नुसता कोड पुसणे ही दुरुस्ती नव्हे.

प्रश्न
१. कोड म्हणजे काय?
२. दुरुस्तीनंतर दिवा लागला, तर आधी काय पाहाल?