मल्टिपल स्क्लेरोसिस : व्याधीची सक्रियता कशी ओळखावी?

मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव संहितांत नाही. लक्षणांवरून त्याचा विचार आपण चरक चिकित्सास्थानाच्या 28 व्या, वातव्याधी अध्यायाच्या आधारे करतो. परंतु व्याधी शांत आहे की सक्रिय, हे रुग्णाच्या ‘बरे वाटते’ या शब्दांवरून ठरत नाही. लक्षणे नसतानाही मेंदूत व मज्जारज्जूत नवे व्रण निर्माण होतात. म्हणून न्यूरॉलॉजिस्ट ठरावीक काळाने एमआरआय करवितात; गॅडोलिनियम दिल्यावर उजळणारा व्रण ताजा समजावा. चालण्याची क्षमता व इतर तपासण्यांवरून 0 ते 10 अंकांची ईडीएसएस श्रेणीही नोंदवितात.

ज्वर वा संसर्ग नसताना नवे लक्षण किमान 24 तास टिकले, तर तो व्याधीचा खरा वेग मानतात. आपल्याकडे घोटाळा होतो तो येथेच. पिपरी मेघे परिसरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उष्णतेने आवरणहीन नाडीतंतूंतील संवेदनवहन मंदावते. दृष्टी अंधुक होते, पाय जड पडतात आणि शरीर थंड होताच पूर्ववत होतात. ऊथॉफ यांनी हे 1890 मध्ये नोंदविले. बाष्पस्वेदानंतरही असेच घडू शकते, म्हणून अशा रुग्णांत सर्वांगस्वेद आम्ही टाळतो. मूत्रमार्गाच्या संसर्गानेही हाच आभास होतो. प्रथम मूत्रपरीक्षण करावे.

लक्षणे 24 तासांत न ओसरल्यास रुग्णास त्वरित न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवावे. एमआरआयची सोय जवळच सावंगी मेघे येथे आहे. चालू असलेली इंजेक्शने वा गोळ्या मात्र वैद्याने किंवा औषधविक्रेत्याने परस्पर बंद करू नयेत.