चि. मृणालला, शिशाच्या रिपोर्टबद्दल

चि. मृणाल,


चार वर्षांच्या त्या मुलाचा रिपोर्ट पाहिला. रक्तात शिसं 22 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि तू विचारतेस, शिसं उतरवायचं औषध, सक्सिमर, सुरू करू का? आत्ता नको.

रक्त बोट टोचून घेतलंस. बोटावरच्या धुळीतलं शिसंही नमुन्यात उतरतं. दोन आठवड्यांच्या आत शिरेतून रक्त घेऊन खात्री कर. आकडा तोच आला तरी घाई नको. अमेरिकेत 20 ते 44 पातळीच्या 780 मुलांवर या औषधाची चाचणी झाली. 2001 साली निष्कर्ष छापून आले. रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धीच्या कसोट्यांत तीन वर्षांनीही फायदा दिसला नाही. आकडा 45 किंवा त्यावर गेला, तर औषधासाठी मोठ्या दवाखान्यात पाठव. मूल गुंगीत असेल, उलट्या किंवा झटके येत असतील, तर आकड्याची वाटही बघू नकोस, लगेच सिव्हिलला ने.

मूळ इलाज घरी आहे. वडील काय करतात, याला "कंपनीत जातात" एवढंच उत्तर मिळेल. सातपूर-अंबडच्या कंपनीत नेमकं काय, ते विचार. जुन्या बॅटऱ्या फोडतात का? कामाचे कपडे पोराच्या कपड्यांबरोबर धुतले जातात का? मग खाली बस आणि मुलाच्या उंचीवरून घर बघ. खिडकीच्या चौकटीचे पोपडे त्याच्या हाताला लागतात का? घरगुती रंगात शिशाला 90 पीपीएमची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 ला लागू झाली. चौकटी बहुधा त्याआधीच्या असतील. पितळी पातेल्याला कल्हई कुठून करून घेतली तेही विचार. कथलात शिसं मिसळलेलं असेल, तर चिंचेच्या आमटीत ते उतरतं. सुटी, पिवळीधमक हळद, डोळ्यांतला सुरमा, भस्माच्या पुड्या, सगळं काढायला सांग. नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म, हे अनेकांना माहीत नसतं.

हे विचारताना आवाज चढवू नकोस. बापाला गुन्हेगार ठरवलंस तर दार बंद होईल, आणि त्याचं पोट त्या कामावरच आहे. कारखान्यातच आंघोळ आणि कपडे बदलणं, एवढं त्याच्याकडून करून घेता आलं तरी फार मोठं काम होईल. आईला सांग, झाडूने धूळ उडते. फरशी ओल्या फडक्याने पुसायला हवी.

हिमोग्लोबिन करच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास 69 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, आणि लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. लोहाचं औषध पूर्ण दे. सकाळी पोराला उपाशी ठेवू नका. रिकाम्या पोटी शिसं जास्त मुरतं. नाचणी, दूध द्या.

मूल हुंदडतंय म्हणून आई निर्धास्त राहील. शिसं बहुतेकदा दुखतखुपत नाही, बोलणं आणि लक्ष हळूहळू मागे पडतं. त्याचा विकास नीट तपास.

महिन्याभराने पुन्हा रक्त घे. धाकट्या बहिणीचंही घे. आई गरोदर आहे का तेही विचार. हाडांत साठलेलं शिसं गर्भापर्यंत पोचतं.

तुझी,
मावशी