अक्षर, ध्वनी आणि वाचनाची पायरी

बुद्धी शाबूत, दृष्टी व श्रवण निर्दोष, बोलण्यात तरतरी. आणि तरीही छापील ओळीपाशी अडखळणारे मूल शाळेत बहुधा आळशी ठरते. वस्तुतः डिस्लेक्सियात उणीव बुद्धीची नसते. बोललेल्या ध्वनीची लिखित खुणेशी सांगड घालण्याची क्रिया तेथे कष्टाची झालेली असते. सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ पासून या मुलांविषयीचे विवेचन मांडले. त्याच्या आधारे अ‍ॅना गिलिंगहॅम व बेसी स्टिलमन यांनी १९३० नंतरच्या दशकात अध्यापनाची एक रीत सिद्ध केली. एका वेळी एकच ध्वनी व त्याची खूण, डोळा, कान आणि हात यांचा एकत्र उपयोग, आणि मागील पाठ पक्का झाल्याखेरीज पुढील नाही, हे तिचे सूत्र होय.

ही रीत इंग्रजी वर्णमालेसाठी घडली. देवनागरीचे एकक अक्षर आहे. म्हणून तिचे तत्त्व घ्यावे, पाठांचा क्रम मात्र नव्याने रचावा लागतो. मराठीतील चौतीस व्यंजनांची बाराखडी म्हणजे ४०८ आकृती. त्या तालात घोकणारे मूल वाचते असा भास होतो. पण क्रम मोडताच ते थांबते. चौतीस व्यंजने आणि स्वरचिन्हांची योजना पृथक् शिकविल्यास हाच भार पुष्कळ हलका होतो. काना आधी, ऱ्हस्व वेलांटी नंतर. कारण ती उच्चारात व्यंजनामागून येते, लेखनात त्याच्या आधी. जोडाक्षरे व रफार त्याहून पुढे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद, किंवा ‘जग’ या एकाच लेखनाचे अर्थानुसार होणारे दोन उच्चार, हे अखेरच्या पायरीचे विषय होत. प्रत्येक पायरीवर शिकविलेल्या अक्षरांतच बसणारी वाक्ये वाचावयास द्यावीत. अन्यथा मूल वाचनाऐवजी तर्क करू लागते.

बंगळूरच्या इंदिरानगरसारख्या वस्तीत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या बाबतीत प्रश्न तिहेरी होतो. घरी देवनागरी, शाळेत इंग्रजी आणि कन्नड; २०१५ च्या कर्नाटक अधिनियमाने शाळांत कन्नड भाषेचे अध्ययन आवश्यक केले. कन्नड व मराठी या दोन्ही अक्षरलिपी असल्या, तरी कन्नडमध्ये जोडाक्षरातील दुसरे व्यंजन बहुधा खाली लागते, तर देवनागरीत पहिले व्यंजन अर्धे होते. शिक्षकाने हे साम्य व हा भेद उघड करून दाखविल्यास एका लिपीतील कमाई दुसरीस उपयोगी पडते. बंगळूरच्याच सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कन्नड वाचनविषयक अभ्यासातून अक्षरज्ञान कित्येक वर्षे वाढत राहते असे दिसून आले. तेव्हा पहिल्या दोन वर्षांतच निकाल देणे अन्यायाचे ठरते.

साधने अगदीच नाहीत असे नव्हे. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून मुंबईत कार्यरत आहे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही चाचणी २०१५ मध्ये मराठी व कन्नडसह उपलब्ध झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. परंतु सवलत म्हणजे शिक्षण नव्हे. परीक्षेतील सवलतीने एखादी भाषा सोडता येते, आणि परप्रांतीय घरात सुटते ती बहुधा मातृभाषा. तिच्याबरोबर त्या मुलाच्या वाट्याचे साहित्यही सुटते. साहित्याच्या अभ्यासकाने वाचक गृहीत धरलेला असतो. तो वाचक घडतो कसा, हा प्रश्न म्हणूनच त्याच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही.