फुटिंग भरण्याआधी: म्हैसुरात पाया तपासून घ्यायला काय खर्च येतो?

म्हैसुरात प्लॉट घेऊन ठेवलेली आणि पुण्या-मुंबईतून किंवा बेळगावातून घर बांधून घेणारी मराठी कुटुंबं कमी नाहीत. त्यांना कंत्राटदाराचा एक फोन हमखास येतो: "उद्या फुटिंग भरतोय, हप्ता पाठवा." या फोनवर लगेच होकार देऊ नका. एकदा खड्ड्यात काँक्रीट पडलं की खाली माती कोणती होती आणि जाळीत सळया किती होत्या, हे कुणालाच दिसत नाही. नंतर शंका आली तर पाया उघडून बघण्याचा खर्च आजच्या तपासणीच्या कितीतरी पट होतो.

३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवरचं साधं घर २५ लाखांच्या आसपास जातं. पायाची नीट तपासणी त्यातले साधारण ८ ते १५ हजार घेते; बोअर घेऊन मातीचा अहवाल हवा असेल तर आणखी १५ ते ३० हजार. हे आकडे अंदाजासाठी आहेत. कोटेशन लेखी घ्या आणि त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, तेही विचारा.

बोअर प्रत्येकाला लागत नाही. म्हैसूर शहराखाली बहुतेक ठिकाणी तांबडी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग खडक आहे. अशा जमिनीत जेसीबीने एक-दोन खड्डे घेऊन अनुभवी इंजिनिअरने ते पाहिले, तरी साध्या दुमजली घराचं भागतं. जेसीबीचे दोन तास धरले तर दोन-तीन हजार रुपये. पण तीन ठिकाणी कंजूषी करू नका: नंजनगूड आणि टी. नरसीपूरच्या बाजूच्या काळ्या मातीत, तळ्याकाठच्या किंवा नाल्यालगतच्या सखल प्लॉटवर, आणि उतार सपाट करून पाडलेल्या नव्या लेआउटमध्ये. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे सांगायला नको. भरावाची फसवणूक जास्त वाईट, कारण वरून तो तांबडाच दिसतो. खड्ड्यात विटांचे तुकडे, प्लास्टिक किंवा मुळं निघाली तर मूळ जमीन लागेपर्यंत खोल जा. 'आयएस १९०४' हे भारतीय मानक पायाची किमान खोली ५०० मिलिमीटर सांगतं, पण भरावावर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

इंजिनिअर कोण, हा पैशापेक्षा मोठा प्रश्न आहे. कंत्राटदाराच्या माणसाने कंत्राटदाराचं काम तपासलं तर ती तपासणी नव्हेच. ज्याने स्ट्रक्चरल ड्रॉइंग केलं त्याच्याच फीमध्ये दोन फेऱ्या लिहून घ्या: पहिली खोदाई झाल्यावर, पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) घालण्याआधी, दुसरी सळई बांधून झाल्यावर. वेगळा बोलावला तर एका फेरीचे दोन ते पाच हजार. म्हैसुरात एनआयई १९४६ पासून आणि एसजेसीई १९६३ पासून अशी दोन इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. ओळखीचं कुणी नसेल तर या कॉलेजांच्या सिव्हिल विभागात चौकशी करा.

दुसऱ्या फेरीला शक्य असेल तर स्वतः टेप घेऊन उभे राहा. फुटिंगची जाळी जमिनीला टेकलेली नको. 'आयएस ४५६' नुसार खाली आणि बाजूने ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट, हवं, तेही कव्हर ब्लॉकवर, दगडाच्या कपच्यांवर नाही. १.२ मीटरच्या फुटिंगमध्ये दोन्ही बाजूंचं कव्हर सोडून १.१ मीटर उरतात. ड्रॉइंगमध्ये सळयांचं अंतर १५० मिलिमीटर असेल तर प्रत्येक दिशेला ९ सळया मोजून भरल्या पाहिजेत. १२ मिलिमीटरच्या सळईचं वजन मीटरला ०.८९ किलो येतं. वजन बरंच कमी भरलं तर माल परत पाठवा. नंतर वाद घालून उपयोग नाही.

खड्ड्यात पाणी किंवा चिखल असेल तर त्या दिवशी भराई नाहीच. इथला पाऊस महाराष्ट्राच्या वेळापत्रकाने चालत नाही. मे महिन्यात वळीव जोरात येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही चांगलाच पडतो. दसऱ्याला काम काढायचं ठरवलं असेल तर पाणी उपसण्याचा पंप कराराच्या दरातच धरून घ्या.

काँक्रीट साइटवर मिसळत असतील तर एम२० साठी एका पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. ओली एम-सँड असेल तर तिच्यातलं पाणीही त्यातच धरायचं. मिस्त्रीला सैल माल ओतायला सोपा जातो, म्हणून इथे माणूस उभा पाहिजे. काँक्रीटची ताकद तपासायला सहा क्यूब भरून घ्या, तीन ७ दिवसांसाठी, तीन २८ दिवसांसाठी. प्रयोगशाळेची फी साधारण एक-दोन हजारांत बसते. नुसतं ओपीसी सिमेंट असेल तर क्युरिंग किमान ७ दिवस, पीपीसी असेल तर १०.

वाळवीच्या औषधात सर्वात जास्त हात मारला जातो. प्लिंथ भरून झाल्यावर, फरशीखालचं काँक्रीट पडण्याआधी, चौरस मीटरला ५ लिटर मिश्रण हवं. ८०० चौरस फुटांच्या प्लिंथला हे सुमारे ३७० लिटर होतं. माणूस पाठीवरचा एक पंप मारून निघाला तर त्याचे पैसे थांबवा. चौरस फुटाला ५ ते १५ रुपये दर पडतो. औषधाचं नाव आणि प्रमाण बिलावर लिहून घ्या.

हप्त्यांची आखणीही याला जोडा. "फुटिंग भरल्यावर" ऐवजी "इंजिनिअरने सळई लेखी पास केल्यावर आणि काँक्रीट भरल्यावर" असे शब्द करारात घाला. टेप लावलेले, तारखेचे फोटो प्रत्येक खड्ड्याचे ठेवा. स्वतंत्र घराच्या कंत्राटदाराला रेरा सहसा लागू होत नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवा धरली आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तिथे करार, बँकेतून दिलेल्या हप्त्यांच्या नोंदी, इंजिनिअरचा अहवाल आणि क्यूबचा निकाल हेच तुमच्या बाजूने बोलतील.