तुरटीचे समीकरण

मुलांनो, भातसा, तानसा शहापुरातली धरणे. पाणी मात्र मुंबईला जाते. आपल्या पाड्यांवर गढूळ हंड्यात तुरटी फिरवावी लागते. तेव्हा घडते ते असे :

१ अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट + ३ कॅल्शिअम बायकार्बोनेट → २ अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड ↓ + ३ कॅल्शिअम सल्फेट + ६ कार्बन डायऑक्साइड

खाली बाण असलेला पदार्थ म्हणजे अवक्षेप. तो गाळाला घेऊन तळाशी बसतो.

आता संतुलन पाहा. अ‍ॅल्युमिनिअम सल्फेटात अ‍ॅल्युमिनिअम २, म्हणून त्याचे हायड्रॉक्साइड २. सल्फेट ३, म्हणून कॅल्शिअम दोन्हीकडे ३. प्रत्येक कॅल्शिअमबरोबर बायकार्बोनेट २, म्हणून कार्बन डायऑक्साइड ६. सूत्राला हात लावायचा नाही. फक्त पुढचा आकडा बदलायचा.

आणि लक्षात ठेवा : पाणी निवळले तरी जंतू उरतात. वरचे पाणी गाळा, उकळा, मगच प्या.