ताई कुठून बघणार?

सातारा,
२६ सप्टेंबर २०२५

चि. बंड्या यास,


काल रात्री तुझ्या धाकट्या मावशीचा फोन आला. मावशीच्या बातमीतला निम्मा ऐवज पदरचा असतो हे साऱ्या घराला ठाऊक आहे, पण या खेपेला तिने खोक्यावरचा आकडाही सांगितला, १८९ सेंटिमीटर. दुकानदाराच्या भाषेत ७५ इंच. बंड्या दसऱ्याला डोंबिवलीच्या हॉलमध्ये हे धूड आणतोय, बिनव्याजी हप्त्यांवर आणतोय, आणि वर ‘आईसाठीच घेतोय’ असं सांगत सुटलाय. पहिल्या दोन गोष्टी मामाने पचवल्या. तिसरीने झोप उडवली.

तुझी आई, मामाची ताई, कुठून बघणार, हे ठरवलंस का?

तुझा मामा नोकरीभर टेप घेऊन फिरलेला माणूस. गणपतीत आला तेव्हाच तुझा हॉल त्याच्या नजरेने मोजून झालाय. टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत आठ फूट, तेही जेमतेम. पण ताई सोफ्यावर टेकते कधी? ती बसते स्वयंपाकघराच्या दाराशी, वेताच्या खुर्चीत, मांडीवर मेथीची जुडी घेऊन. तिथून पडदा तिरका दिसतो. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढून झालाय, दुसऱ्याची पाळी दिवाळीनंतर. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं. हे सगळं तुला माहीत आहे. दुकानात शिरताना तेवढं बाहेर राहतं.

आकड्यांपुरता न्याय करायचा तर तू फार चुकत नाहीयेस, हेही मामाने रात्री कागदावर मांडून पाहिलं. सिनेमा-टीव्हीच्या अभियंत्यांची एसएमपीटीई नावाची अमेरिकन संस्था आहे. पडद्याने नजरेचा तीस अंशांचा कोन तरी भरावा, असा तिचा जुना हिशेब. टीएचएक्सवाले चाळीसपर्यंत जातात. आठ फुटांवरून ५५ इंची पडदा २८ अंश भरतो, ६५ इंची ३३ आणि ७५ इंची जवळपास ३८. म्हणजे दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्याला ७५ मुळीच राक्षसी नाही. आणखी एक गंमत अशी की निरोगी डोळ्याला आठ फुटांवरून साधारण पाऊण मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपके वेगवेगळे दिसत नाहीत. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचा ठिपकासुद्धा त्याहून लहान असतो, त्यामुळे तिथे फोर-केचा फरक सोफ्यावरून जाणवणं कठीण. ७५ इंचांवर मात्र फुल एचडीचे ठिपके मोठे होतात आणि फोर-के कामाला येतं. मोठ्या पडद्याच्या बाजूने बोलणारा हा मुद्दा खरा आहे, आणि मामा तो लपवणार नाही.

पण त्यासाठी आत येणारं चित्र फोर-के हवं ना! नेटफ्लिक्सवर ते सर्वांत महागड्या प्लॅनमध्येच मिळतं आणि त्यासाठी १५ एमबीपीएसचा वेग लागतो, तो तुझ्याकडे असेलही. ताईचं काय? ती संध्याकाळी सातपासून मालिका बघते, त्याही डिशच्या साध्या पॅकवर. साध्या चॅनेलच्या चित्रात फार तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या आसपास ठिपके. फोर-के पडद्यावर ठिपके ८३ लाख. म्हणजे आलेल्या एकेका ठिपक्याचे वीस करायचं काम टीव्हीच्या आतल्या चिपवर पडतं, आणि स्वस्तातल्या मोठ्या सेटमध्ये नेमकी तीच चिप हलक्या प्रतीची असते. वाटीभर पिठलं परातीत पसरावं तशी गत. पडदा वाढला म्हणून चित्र वाढत नाही, चित्रातले दोष वाढतात. आधी तिला एचडी पॅक घेऊन दे. तो खर्च हप्त्यांपुढे काहीच नाही.

आता त्याच पैशात काय मिळतं ते बघ. जाहिरातीत ठिपके मोजतात, पण डोळ्याला आधी जाणवतो तो काळा रंग किती काळा आहे, आणि उजेड-अंधारातलं अंतर. एलसीडी पडद्यामागे दिवे असतात. व्हीए जातीचं पॅनेल समोरून काळं छान दाखवतं, पण बाजूला सरकलं की रंग विटतात. आयपीएस बाजूनेही बरं दिसतं, फक्त त्याचा काळा रंग करडा असतो. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, म्हणून अंधार खराखुरा आणि कोन कसाही चालतो. मग ५५ इंची ओलेडच घ्यावा का? तुझ्याकडे नको. दुपारी ताईचं बातम्यांचं चॅनेल तासन्‌तास चालू असतं, खाली लाल पट्टी आणि कोपऱ्यात चॅनेलचं बोधचिन्ह जागचं हलत नाही. अशा न हलणाऱ्या चित्राची खूण ओलेडवर कायमची उमटू शकते. शिवाय ते पश्चिमेचं ऊन! भर उजेडात पडदा उजळ लागतो.

‘एचडीआर’च्या स्टिकरला भुलू नकोस. बरेचसे एचडीआर चित्रपट हजार निट्स उजेड गृहीत धरून रंगवलेले असतात. स्वस्त सेट अडीचशे-तीनशे निट्सवर दमतो आणि तरी स्टिकर मिरवतो. मागच्या दिव्यांचे लहान लहान गट करून ते वेगवेगळे मंद करणारा मिनी-एलईडी त्यापेक्षा बरा. दुकानात सगळेच सेट ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर ठेवलेले असतात आणि त्यांवर चालतात संथ फुलपाखरं नि समुद्रकिनारे. तिथे कुठलाही पडदा देखणा दिसतो. घरी आणल्यावर फिल्ममेकर मोड लावायचा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय सिनेमापुरती बंद करायची. २०१८ मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शकाला शेजारी उभं करून लोकांना हेच विनवलं होतं. क्रिकेटला ती सोय चालते.

तेव्हा दुकानात पडद्यासमोर उभा राहू नकोस. बाजूला जा, ताईच्या खुर्चीच्या कोनात, आठ-नऊ फुटांवर. विक्रेत्याला फुलपाखरं बंद करायला सांग आणि मोबाइलवरून तिची मालिका लाव. दहा मिनिटं तिथून बघ. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे.

घटस्थापनेपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय. वाचलेले पैसे मोठ्या आकारात घालायला विक्रेते सांगणारच, त्यांचा धंदा आहे. तू ते चांगल्या पॅनेलमध्ये घाल. ६५ इंचांवर थांब. ५५ पेक्षा त्याचं क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांनी जास्त भरतं, तुझी हौस तेवढ्यात भागावी.

हे सगळं मामा इतक्या हट्टाने का लिहितोय, ते तुला ताईने कधी सांगितलं नसेल. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा गावात आपल्या आळीत टीव्ही दोनच घरांत. शेजारच्यांनी तर काळ्या-पांढऱ्या पडद्यावर वर निळा, खाली हिरवा असा प्लास्टिकचा कागद लावून त्यालाच रंगीत म्हणायला सुरुवात केली होती. एशियाडच्या वर्षी, १९८२ मध्ये, देशात रंगीत प्रसारण आलं, तेव्हापासून मामाच्या डोक्यात रंग शिरलेला. पैसे साठले तेव्हा निवड अशी होती की एक तर २० इंची काळा-पांढरा, नाहीतर १४ इंची रंगीत. तुझे आजोबा अप्पा म्हणाले, मोठा आण. मामाने रंगीत आणला. आळीत वट वाढली. रविवारी पोरं पुढे, बायका मध्ये आणि अप्पा मागे उंबऱ्यापाशी. त्यांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तेवढ्या लांबून त्या चौदा इंचांत त्यांना चेहरे ओळखू येत नव्हते. ताई त्यांच्याजवळ बसून हळू आवाजात सांगायची, आता लक्ष्मण बोलतोय, आता सीता उठली. अप्पांनी कधी तक्रार केली नाही. ऑपरेशन होईपर्यंत मालिका संपून गेली.

आता कळलं ना, ७५ इंच ऐकून मामाने आधी ‘छान’ म्हणायला तोंड उघडलं होतं आणि मग ते का मिटलं? मोठ्याची बाजू अप्पांचीच होती. पण ताईची खुर्ची दाराशी आहे, तिरकी. तिथून विटलेल्या रंगांचा मोठा पडदा तिच्या काय कामाचा? मावशीकडून सगळं ऐकल्यावर मामा तुला ‘दिखाऊ’ म्हणाला, तेही तुझ्यापर्यंत पोचलंच असेल. तो शब्द मागे. आईची आठवण ठेवून टीव्ही घेणारा मुलगा दिखाऊ नसतो. फक्त खुर्ची सरकवता आली तर बघ. शूरॅक बाहेरच्या बाजूला नेलास तर तिची खुर्ची दोन फूट आत येईल आणि कोन बराच सुधारेल.

टीव्ही शोकेसच्या वर टांगू नकोस. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास यावा. ताईची मान आधीच धरलेली असते. पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, संवाद पुसट येतात आणि ती आवाज वाढवते, मग तुझी चिडचिड होते. साउंडबार मामाकडून. पैसे उद्या पाठवतो, परत करायचे नाहीत, आणि तिला सांगायचंही नाही.

दुकानात जाताना तिला बरोबर ने. ‘मला त्यातलं काय कळतंय’ म्हणेल, तरी ने. रिक्षाने ने, जिने नसलेलं दुकान बघ. ऑपरेशनची तारीख ठरली की कळव, मामा आणि मामी आठवडाभर राहायला येतील, तू रजा वाया घालवू नकोस. शेजारचे काका रविवारी डोंबिवलीला येतायत, त्यांच्याबरोबर कंदी पेढ्यांचे दोन डबे पाठवलेत. मोठा तुझा. छोट्यातले ताईला रोज अर्धाच दे, साखर वाढलीय तिची, आणि मागितला तर अजून अर्धा दे.

तुझा,
मामा