भाकरीची सोबत

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी अनेक लहान लहान गावे वसलेली आहेत. काळी कसदार जमीन, खरिपात सोयाबीन, कापूस आणि तूर, रब्बीत ज्वारी आणि हरभरा, असा त्या गावांचा वर्षाचा क्रम असतो. अशाच एका गावातील शाळेची ही गोष्ट आहे.

२०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात महाराष्ट्र शासनाने एक निर्णय घेतला. शाळेत दुपारी मिळणाऱ्या आहारात आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांना अंडे द्यावे आणि जे अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा दुसरे एखादे फळ द्यावे, असा तो निर्णय होता. वाढत्या वयाच्या मुलांना प्रथिने अधिक मिळावीत, हा त्यामागील हेतू होता. त्या हिवाळ्यात या शाळेच्या पंगतीतही अंडी आली.

पंगतीत एक मुलगा बसला होता. त्याच्या घरी कोंबड्या होत्या. समोर एक मुलगी बसली होती. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी चालत आली होती. त्या घरात अंडे किंवा मांस कोणी खात नसे. तिच्या ताटात केळे पाहून मुलगा हसून म्हणाला, "केळे खाऊन कोणी पहिलवान झाला आहे का? अंडे खाल्ल्याशिवाय अंगात बळ येत नाही."

मुलगी काही कमी नव्हती. ती म्हणाली, "आमचे बैल कधी अंडे खातात का? कडबाच खातात ना? तरी दिवसभर नांगर ओढतात. तू ओढून दाखव!"

सारी पंगत हसली. पाहता पाहता मुलांचे दोन पक्ष पडले आणि आवाज वाढला. गुरुजी दूर उभे राहून ऐकत होते. ते जवळ येऊन म्हणाले, "आधी शांतपणे जेवा. हा वाद उद्या वर्गात तराजूने तोलू. उद्या येताना प्रत्येकाने घरून मूठभर काही आणावे. ज्वारी, डाळ, शेंगदाणे, सोयाबीन, जे असेल ते."

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या टेबलावर तराजू होता. त्यांनी एका पारड्यात अंडे ठेवले. त्याचे वजन सुमारे ५० ग्रॅम भरले. मग अंडे काढून त्यांनी पारड्यात शेंगदाणे टाकले आणि २५ ग्रॅम भरताच हात थांबविला. ते म्हणाले, "अंड्याच्या निम्म्याच वजनाचे हे शेंगदाणे आहेत, पण दोघांतही प्रथिने सुमारे ६ ग्रॅमच आहेत." मग त्यांनी फळ्यावर लिहिले :

प्रत्येकी १०० ग्रॅम पदार्थातील प्रथिने
केळे – सुमारे १ ग्रॅम
दूध – सुमारे ३ ग्रॅम
ज्वारी – सुमारे १० ग्रॅम
अंडे – सुमारे १३ ग्रॅम
मांस, मासे – सुमारे २० ग्रॅम
तूरडाळ, हरभराडाळ – सुमारे २२ ग्रॅम
शेंगदाणे – सुमारे २५ ग्रॅम
सोयाबीन – ३६ ते ४० ग्रॅम

यादी पाहून मुलगी आनंदाने म्हणाली, "म्हणजे आम्हीच जिंकलो, गुरुजी!"

"इतकी घाई नको," गुरुजी म्हणाले. "या यादीत केळे कोठे आहे ते पाहिलेस का? केळ्याने शक्ती मिळते, ते चांगले फळ आहे. परंतु अंड्याची जागा ते भरून काढू शकत नाही. ज्याला अंडे नको असेल त्याने त्याच्या बदली डाळ, शेंगदाणे किंवा दूध घ्यावे. एक पदार्थ सोडताना त्याचे काम दुसरा कोणता पदार्थ करील, हे आधी पाहावे."

मग त्यांनी दुसरी बाजू उलगडून दाखविली. प्रथिन हा शब्द 'प्रथम' या शब्दाची आठवण करून देतो. ज्या ग्रीक शब्दावरून त्याचे युरोपीय नाव आले, त्याचाही अर्थ 'पहिल्या महत्त्वाचे' असाच आहे. स्नायू, त्वचा, केस आणि रक्त यांच्या घडणीत प्रथिने लागतात. मुळाक्षरे जोडून शब्द तयार व्हावा, तशी अमिनो आम्ले नावाची घटकद्रव्ये जोडून प्रथिन तयार होते. ही 'अक्षरे' एकूण २० आहेत. त्यांपैकी ९ आपले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. त्यांतील एक जरी अपुरे पडले, तरी शब्द अर्धवट राहतो. बाकीची अक्षरे असूनही त्यांचा पुरता उपयोग होत नाही.

"अंडे, दूध, मांस आणि मासे यांत ही नऊही अक्षरे योग्य प्रमाणात असतात," गुरुजी म्हणाले. "त्यांची प्रथिने पचतातही सहज. ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. ज्वारीचे तसे नाही. ज्वारीत लायसिन नावाचे अक्षर कमी आहे. त्यामुळे नुसत्या भाकरीवर पोट भरते, पण शरीराची बांधणी मागे राहते."

आता मुलाचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "मग बैलाचे काय, गुरुजी?"

"बैलाच्या पोटात एक मोठा कप्पा असतो. त्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. कडबा आणि गवत यांच्यापासून ते सूक्ष्मजीव ही सारी अक्षरे तयार करतात आणि पुढे तेच बैलाच्या पोटात पचतात. आपल्या पोटात तशी सोय नाही. तेव्हा बैलाचे उदाहरण माणसाला लागू पडत नाही." मुलगी थोडी हिरमुसली. गुरुजी तिच्याकडे पाहून म्हणाले, "पण जे बैलाला त्याच्या पोटाने दिले, ते आपल्याला आपल्या चुलीने दिले आहे. ज्वारीत लायसिन कमी, तर तुरीच्या डाळीत ते भरपूर असते. डाळीत मेथिओनिन हे दुसरे अक्षर कमी, तर ते ज्वारी पुरविते. भाकरी आणि वरण एकाच दिवसाच्या जेवणात आले, की एकाची उणीव दुसरे भरून काढते. भाकरी-पिठले, खिचडी, उसळ-भाकरी या साऱ्या अशाच जोड्या आहेत. अमिनो आम्लांचे नावही कोणाला ठाऊक नव्हते, तेव्हापासून घरोघरी त्या शिजत आल्या आहेत."

यानंतर गुरुजींनी दिवसभराचा हिशेब मांडला. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांच्या आहाराचे जे प्रमाण सांगितले, त्यानुसार १० ते १२ वर्षांच्या मुलामुलींना रोज सुमारे ३२ ते ३३ ग्रॅम प्रथिने हवीत. १३ ते १५ वर्षांच्या वयात ही गरज ४३ ते ४५ ग्रॅमपर्यंत वाढते. तीन भाकरींच्या १५० ग्रॅम पिठातून १५ ग्रॅम, ४० ग्रॅम डाळीतून ९ ग्रॅम, २० ग्रॅम शेंगदाण्यांतून ५ ग्रॅम आणि एक पेला दुधातून ६ ग्रॅम, अशी ३५ ग्रॅम प्रथिने होतात. दूध नसेल तर एका अंड्यानेही तेवढीच भर पडते. मोठ्या मुलांनी भाकरी आणि डाळ दोन्ही वाढवावीत.

वर्ग वहीत आकडे उतरवून घेत होता. तेवढ्यात मागच्या रांगेतील एक मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरी वरण रोज नसते. भाकरी आणि ठेचा असतो. दूध तर नसतेच."

वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. गुरुजी त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, आजच्या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तू सांगितलीस. मुलांनो, काल तुम्ही अंडे की डाळ म्हणून भांडत होता. ज्याच्या ताटात दोन्ही आहेत, त्याचा तो वाद. खरा प्रश्न वेगळा आहे. भाकरीला सोबत मिळते, की ती ताटात एकटीच पडते?"

मग त्यांनी मुलांनी आणलेले सोयाबीन ओंजळीत घेतले. "हे आपल्या शेतात पिकते. गोणी भरून बाजारात जाते. तेथून कारखान्यात त्याचे तेल निघते आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात पडते. एक किलो अंडी मिळण्यासाठी कोंबडीला दोन किलोंहून अधिक खाद्य लागते. म्हणजे अंड्यातील प्रथिनेही मुळात शेतातच उगवलेली असतात. त्या गोणीतील एक मूठ घरी ठेवली तर? मात्र सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यातील काही द्रव्ये पचनाला अडथळा करतात. ते चांगले भाजून किंवा शिजवून घ्यावे. नऊ वाटी धान्यात एक वाटी भाजलेले सोयाबीन घालून दळले, की भाकरीला पिठातच सोबत मिळते."

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाचा विचार शास्त्रज्ञांनीही केला आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. हैदराबादजवळील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने या विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण दिले. साध्या ज्वारीच्या एका किलोत लोह सुमारे ३० मिलिग्रॅम असते; या वाणात ते ४२ मिलिग्रॅम आहे. जस्त २० वरून ३२ मिलिग्रॅमवर गेले आहे. प्रथिनांचे प्रमाणही शेकडा १० वरून सुमारे १२ वर आले आहे. गरिबाच्या ताटात भाकरी तर असतेच; तेव्हा ती भाकरीच अधिक सकस करावी, हा यामागील विचार आहे.

शेवटी गुरुजींनी दोन्ही पक्षांना एकेक सूचना केली. "ब१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून मिळत नाही. म्हणून जे अंडे-मांस खात नाहीत, त्यांनी दूध, दही किंवा ताक टाळू नये. आणि जे खातात, त्यांनी डाळ आणि भाजी सोडू नये. कारण अंड्यात आणि मांसात चोथा मुळीच नसतो. कोणी काय खावे हे ज्याचे त्याने आणि त्याच्या घराने ठरवावे. दुसऱ्याच्या ताटाला मात्र कोणी हसू नये."

पुढे २०२५ सालच्या जानेवारीत अंड्यांसाठी मिळणारा शासकीय निधी थांबला. ज्या शाळांना अंडी द्यावयाची असतील, त्यांनी ती लोकांच्या मदतीने द्यावीत, असे ठरले. पंगतीतून अंडी गेली. पण मुलांच्या वहीतील हिशेब गेला नव्हता. वारकरी घरच्या मुलीने आईला विचारून एक पायली भुईमुगाच्या शेंगा शाळेत आणल्या. कोंबड्यांच्या घरच्या मुलाने आठवड्याला जमतील तेवढी अंडी आणण्यास सुरुवात केली. कोणी हरभरे आणले, कोणी तुरीची डाळ आणली. शाळेच्या एका कोपऱ्यात झाकणाचा एक मोठा डबा ठेवला गेला. त्यात कोणी किती टाकले हे कोणी लिहीत नसे, आणि त्यातून कोणी किती घेतले हेही कोणी विचारीत नसे.

मागच्या रांगेतील तो मुलगाही रोज मधल्या सुटीत त्या डब्यातून मूठभर शेंगदाणे घेई. एका सकाळी तो पिशवीतून काही तरी घेऊन आला आणि डब्याजवळ गेला. त्याची आई दुसऱ्याच्या शेतात हरभरा काढावयास गेली होती. मजुरीबरोबर तिला मिळालेल्या हरभऱ्यातील दोन मुठी त्याने डब्यात टाकल्या आणि झाकण लावले.

शब्दार्थ
कसदार – सुपीक
पायली – धान्य मोजण्याचे एक जुने माप
कडबा – ज्वारीची वाळलेली ताटे
पेंड – तेल काढल्यानंतर उरलेला चोथा
वाण – पिकाची जात
सकस – पोषक

स्वाध्याय
१. केळे अंड्याची जागा भरून काढू शकत नाही, असे गुरुजी का म्हणाले?
२. बैलाचे उदाहरण माणसाला का लागू पडत नाही?
३. भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव कशी भरून काढतात?
४. 'ज्याच्या ताटात दोन्ही आहेत, त्याचा तो वाद' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. तुमच्या घरच्या एका दिवसाच्या जेवणातील प्रथिनांचा हिशेब मांडा.